छातीवरचा ठोका

८ जानेवारी

सुताचा व्यापारी दरवर्षी डायरी देतो. दरवर्षी ती कपाटावर पडून राहते आणि दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीत जाते. यंदा पहिल्यांदाच उघडली, कारण या दवाखान्यात माझ्याशी बोलायला कुणी नाही आणि बाकावर बसून भिंतीकडं तरी किती वेळ बघायचं.

परवा मुलगी झाली. सातवा महिना नुकताच लागला होता. रचनाचे पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली, बीपी भलतंच चढलं. ऑपरेशन करून बाळ काढलं नसतं तर दोघीही हाताला लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. रचना वरच्या मजल्यावर आहे. बाळ खाली, काचेच्या खोलीत, काचेच्या पेटीत. वजन किलोभर आणि वर चिमूटभर. नाकात नळी, डोक्यावर टोपी, आणि पेटीवर चिकटवलेला कागद: ‘रचनाचं बाळ’. माझं नाव कुठं नाही. बरोबरच आहे, मी काय केलंय?

बाळांच्या डॉक्टर माधवी मॅडम माझ्याशी बराच वेळ बोलल्या. शिकलेल्या माणसांची ही एक खोड असते, तोंडातल्या तोंडात बोलतात. वर मास्क. एकदा विचारलं, काय म्हणालात? त्यांनी परत सांगितलं. आणखी एकदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, मग मान हलवत राहिलो. वडगावात आमच्या शेडात चोवीस माग एकदम चालतात, तरी पार पलीकडच्या टोकाला यल्लाप्पा काय म्हणतो ते मला कळतं. तिथं आवाज कुणी वापरतच नाही. ओठ हलवायचे, हात हलवायचे, झालं. रचना लग्नाआधीपासून शेडात सुताच्या कांड्या भरते, आमचं सगळं असंच ठरलं, मालकाच्या नाकासमोर. इथं सगळ्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळं माणसं आहेत की नुसते डोळे हेच समजत नाही.

११ जानेवारी

आज मॅडमनी कागदावर चित्र काढलं, म्हणून एकदाचं डोक्यात शिरलं. देव त्यांचं भलं करो.

पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. फुप्फुसं मिटलेली असतात, तिकडं रक्त जाऊन करणार काय? म्हणून हृदयाजवळ एक आखूड नळी असते. तिच्यातून रक्त फुप्फुसाला वळसा घालून थेट अंगात जातं. बाळ जन्मून रडलं की दोन-तीन दिवसांत ती नळी आपोआप मिटते. पण लवकर आलेल्या बाळाच्या नळीला आपलं काम संपलं हे कळतच नाही, ती उघडीच राहते. मग रक्त उलटं फिरतं, फुप्फुसात नको तेवढं घुसतं आणि अंगाला कमी पडतं. आमच्या बाळाची नळी चांगलीच मोठी आहे. औषध सुरू केलंय. औषध कुठलं, तर डोकं दुखलं की आपण घेतो तेच, पॅरासिटामोल, फक्त शिरेतून. एवढ्याशा पोरीच्या काळजाला डोकेदुखीचं औषध. हसावं की रडावं कळेना.

मॅडमनी त्यांची कानातली नळी माझ्या कानात घातली आणि बाळाच्या छातीवर टोक धरलं. उघड्या नळीतून रक्त जातं त्याचा आवाज येतो म्हणे, घरघर चालल्यासारखा. त्यांनी भुवया उडवल्या, म्हणजे ऐकू आलं का. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला मागाचाच आवाज येत होता. तो तर काय, रविवारी शेड बंद असली तरी येतो.

सासूबाई मालुबाईंनी आज वर वॉर्डातच पाचवी पुजली. रचनाच्या उशाखाली कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. बाळ खाली, उशी वर. त्यात खाली चप्पल काढा, हात धुवा, नाव सांगा. सटवाईला आत सोडलं असेल का याची मला शंकाच आहे. सोडलं असलं तरी तिनं लिहिलं असणार टोपीवर.

१४ जानेवारी

रचनाला घरी सोडलं. मालुबाई तिला संकेश्वरला घेऊन गेल्या. चार-आठ दिवस आराम, मग परत इथं, असं ठरलं. मालुबाईंचं आधी वेगळंच होतं. ‘‘बाळंतिणीला वारं लागलं तर जल्माचं दुखणं हुतंय. चाळीस दीस उंबरा न्हाय वलांडायचा.’’ रचना जायला तयार नव्हती. मीच म्हणालो, जा. पाय अजून सुजलेले, बसायला पेटीजवळ एकच खुर्ची, जेवणाचे हाल. बाळाला आईचंच दूध हवं, त्याची सोय लागली. मालुबाईंच्या शेजारचा भरमू बसवर कंडक्टर आहे. तो सकाळच्या गाडीनं बर्फाच्या डब्यात दूध आणून देणार, मी स्टँडवर घ्यायचं.

रिक्षात बसताना रचना माझ्याकडं वळून काहीतरी बोलली. मालुबाईंनी तिला कान, डोकं, तोंड सगळं शालीत गुंडाळलं होतं, डोळे तेवढे बाहेर. रिक्षा भुरभुरत होती. तब्येतीला जप, वेळेवर जेव, असंच काहीतरी असणार. मी ‘‘व्हय, व्हय’’ म्हणालो आणि मानही हलवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं.

संक्रांत आहे. सुवर्णा सिस्टरनं हातावर तिळाच्या दोन वड्या ठेवल्या. गोड बोला म्हणाली असणार. ही खोलीतली थोरली सिस्टर, हिडकलची, डोळे बरे आहेत तिचे.

१६ जानेवारी

पुन्हा सोनोग्राफी केली. नळी थोडी आवळली आहे, मिटलेली नाही. आता काही दिवस बघायचं, मग औषधाचा दुसरा हप्ता. त्यानंही मिटली नाही तर बेंगळुरूला न्यायचं आणि छाती उघडून नळी बांधायची. मॅडमनी हे पण कागदावर काढून दाखवलं. हे नसतं काढलं तरी चाललं असतं.

१७ जानेवारी

आज ती माझ्या छातीवर होती.

इथं त्याला कांगारू म्हणतात. आई नसेल तर बापानं करायचं. शर्टाची बटणं काढून खुर्चीत रेलायचं, बाळाला नुसत्या लंगोटावर आणि टोपीवर उघड्या छातीला लावायचं आणि वरून कापडानं बांधायचं. रचनाची जुनी सुती साडी धुऊन आणली होती. हात चार वेळा साबणानं धुतले तरी मागाच्या तेलाचा वास काही गेला नाही. सुवर्णा सिस्टरनं मास्क जरा खाली ओढून सांगितलं, ‘‘ऱ्हाऊ दे अण्णा. बापाचा वास म्हणून वळकंल ती.’’

पहिल्यांदा वाटलं, छातीवर काही ठेवलेलंच नाही. मग तिचा ठोका लागला. केवढा जोर. माझ्या बरगडीवर धडधड धडधड. तिच्या टाचेला बोट लावलं तर तिथंसुद्धा नाडी उसळत होती. मी मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून सांगतो, सूत नेणारा धोटा नीट फिरतोय की अडखळतोय. ही पोरगी अडखळत नाही. एवढ्याशा जिवाचं काळीज घोडीचं आहे. डॉक्टर काही का म्हणेनात, जिचा ठोका एवढा ठणठणीत, तिला काय होतंय?

तासभर बसलो. कुणाशी काही बोलावं लागलं नाही. लग्नानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

१९ जानेवारी

रचनाचा फोन. इथं रेंजच नाही, तिचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. ‘‘बाळ बरं आहे, ठेवतो’’ म्हणालो. शेजारच्या बाकावरचा माणूस त्याच कंपनीच्या फोनवर अर्धा तास गप्पा मारत होता. काही लोकांना गप्पा मारायला काहीच लागत नाही.

मेसेज केला की ती ‘बरं’ एवढंच लिहिते. टाक्यांतून पाणी येतंय, तिथल्या डॉक्टरनं रोज पट्टी करायला सांगितली आहे, म्हणून येणं लांबलं. हे मला भरमूकडून कळलं.

२२ जानेवारी

लिहायला हात धजत नाही.

ती छातीवर होती. खुर्ची भिंतीकडं तोंड करून असते, श्वास आणि ठोका बघणारं मशीन माझ्या पाठीमागं. मी तिच्या टोपीचे टाके मोजत होतो. एकदम सुवर्णा सिस्टर धावत आली, माझ्या कुशीत हात खुपसून बाळाच्या तळपायाला टिचक्या मारायला लागली. तेव्हा मी बाळाचं तोंड बघितलं. ओठ जांभळे पडले होते. श्वास थांबला होता. एक टिचकी, दुसरी, मग ती सुस्कारली आणि रंग परत आला. लवकर आलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, नळी उघडी असली की जास्तच. म्हणून तर ते मशीन असतं.

सिस्टरनं मास्क खाली ओढला होता, त्यामुळं तिचा शब्दन्‌शब्द कळला. ‘‘किती वेळ बोंबलतंय मशीन! मी तिकडं दुसऱ्या बाळाला बघतोय, तुमी इथं बसून हाय न्हवं? ऐकू येत न्हाय काय?’’

मी म्हणालो, ‘‘डोळा लागला.’’

डोळा लागला नव्हता. मी टक्क जागा होतो. मशीन वाजलंच नाही.

२३ जानेवारी

झोपणाऱ्या बापाकडं बाळ देता येत नाही, असं ठरलं. कांगारू बंद. काचेबाहेर बसायचं. एक काळं पाखरू खिडकीच्या बाहेर येऊन चोच उघडत होतं. आवाज काही नाही. मला वाटलं, काच जाड असेल.

पोरगी पेटीत एकटी. रचना संकेश्वरला एकटी. मी बाकावर. तिघांचं एक घर आहे म्हणे.

२४ जानेवारी

औषधाचा दुसरा हप्ता सुरू झाला. हा शेवटचा. दूध घ्यायला स्टँडवर गेलो तर भरमू गाडीच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘‘रचना लई रडत्या रं. मालुबाई सांगत हुती. तू एक डाव येऊन जा की.’’

कसा जाऊ? दूध कोण देणार? आणि जाऊन तिला काय सांगू, मी बसलेलो असताना पोरगी निळी पडली म्हणून?

२५ जानेवारी

सकाळी वडगावला जाऊन आलो, कपडे बदलायला. शेडात डोकावलो आणि जीव भांड्यात पडला. चोवीस माग धडाडत होते आणि मला सगळ्यांचं सगळं समजत होतं. पलीकडून यल्लाप्पा ओठांनी म्हणाला, ‘‘पोरगी कशी हाय?’’ मी म्हणालो, ‘‘हाय.’’ आठवड्यात पहिल्यांदाच मी कुणाशी सरळ बोललो.

चहाच्या सुट्टीला माग थांबले, तेव्हा यल्लाप्पाची नात डबा घेऊन आली. तो दाराला पाठमोरा बसून विडी ओढत होता. पोरीनं दारातून हाक मारली. पुन्हा मारली. तिचं तोंड उघडताना मला दिसत होतं. यल्लाप्पा ढिम्म. तिच्या आईनं, बायाक्कानं, तिचा दंड धरून म्हटलं, ‘‘आज्जा भैरा हाय. वरडून काय उपेग?’’ पोरीनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. ती आली होती हे यल्लाप्पाला समजलंच नाही. तो आपला माझ्याकडं बघून हसत होता.

माझ्या अंगावर काटा आला. कारण तिची हाक मलाही ऐकू आली नव्हती. माग बंद होते आणि तिची हाक मी डोळ्यांनी बघितली होती.

मग एकेक आठवत गेलं. रेंज. तोंडातल्या तोंडात बोलणारे डॉक्टर. कानातली नळी. पाखरू. सोळाव्या वर्षापासून मागावर आहे मी. यल्लाप्पाला आम्ही सगळे हसतो. सगळ्यात मोठ्यानं मीच.

दवाखान्यात आलो आणि सुवर्णा सिस्टरला बाजूला घेतलं. म्हणालो, ‘‘आक्का, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. मला ते मशीन ऐकू येत नाही. बारीक आवाज कुठलाच येत नाही.’’ वाटलं होतं, आता तर कायमचंच बंद. बहिऱ्याच्या हातात बाळ कोण देईल?

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग मास्क उतरवून म्हणाली, ‘‘आदी सांगायचं न्हाय व्हय? मला वाटलं, ह्यो माणूस शिष्ट हाय. काय बी बोला, नुसतं व्हय व्हय.’’ मॅडमना विचारून आली आणि तिनं काय केलं, तर खुर्ची उलटी फिरवली. मशीन आता माझ्या डोळ्यांसमोर. हिरवा आकडा ठोक्याचा, निळा ऑक्सिजनचा. निळा खाली घसरायला लागला की हात वर करायचा, बस्स.

एवढंच होतं. मी उगीच तीन दिवस काचेबाहेर बसलो.

२८ जानेवारी

तिचा ठोका गेलाय.

गेले दोन दिवस कमी कमी वाटत होता. आज छातीला लावली आणि काहीच लागेना. ती धडधड नाही, टाचेची उसळी नाही. खूप वेळ श्वास धरून बसलो तेव्हा कुठं काहीतरी पुसट जाणवलं, तेही माझंच असेल. हिरवा आकडा दिसत होता, पण आकड्याचं काय? मागाचा दिवा लागलेला असतो आणि आत धोटा अडकून पडलेला असतो, असं शंभरदा बघितलंय.

हात वर केला. सिस्टर आली, बघितलं, म्हणाली सगळं बरं आहे. मी म्हणालो, बरं कसं? घोडीसारखं काळीज होतं, तुमच्या औषधानं मारून टाकलंत. बहुतेक ओरडलो असणार, कारण खोलीतले सगळे डोळे माझ्याकडं वळले. माझा आवाज किती चढतो हे मला आता कळत नाही. सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला. मॅडम आज नाहीत, उद्या सकाळी सोनोग्राफी करणार आहेत. उद्यापर्यंत मी काय करू?

रचनाला मेसेज केला. काय लिहावं सुचेना. ‘ये’ एवढंच लिहिलं.

२९ जानेवारी

सकाळी स्टँडवर भरमूची गाडी लागली आणि डबा घेऊन रचनाच उतरली. एकटी. शाल नाही, डोक्याला फडकं नाही. मालुबाईंचा उंबरा कसा ओलांडला ते तिलाच माहीत. चेहरा पांढराफटक. रिक्षात ती रस्त्याकडं बघत बसली.

सोनोग्राफी चालू असताना आत एकच माणूस. मी म्हणालो, तू जा, तू अजून तिला हात लावलेला नाहीस. मी काचेबाहेर उभा राहिलो. मॅडमची पाठ, पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलतंय, रचना पेटीपाशी. मॅडम बराच वेळ बोलल्या. रचनानं दोनदा विचारलं, मॅडमनी दोनदा सांगितलं. मग रचनानं पेटीत हात घातला आणि बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवली.

ती काचेशी आली. मास्क हनुवटीखाली ओढला आणि शेडात बोलायची तशी, बिनआवाजी बोलायला लागली.

‘‘नळी मिटली.’’

मी म्हणालो, ‘‘ठोका?’’

‘‘ठोका हाय. बारीक हाय, आसाच असतुया. ती धडधड हुती न्हवं, ती उघड्या नळीची हुती. मॅडम म्हणत्यात, ते आजारपण हुतं.’’

म्हणजे मी ज्याच्यावर दहा-बारा दिवस छाती फुगवून फिरत होतो, ते पोरीचं दुखणं होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काचेला कपाळ टेकवून तसाच उभा राहिलो. मान वर केली तर रचना अजून तिथंच होती. तिचं काहीतरी राहिलं होतं.

‘‘फोनवर बोलत का न्हाईसा?’’

काचेपलीकडं ती होती म्हणूनच बहुतेक मला सांगता आलं. ‘‘ऐकू येत न्हाय मला. कुणाचंच. तोंड दिसलं तर कळतं.’’

मग तिचे ओठ थरथरले, त्यामुळं पहिले शब्द निसटले आणि पुढचे मिळाले. ‘‘...रिक्षात बसताना मी काय इचारलं, ते बी न्हाय ऐकलं?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मी इचारलं, शेवटपत्तूर कांड्या भरल्या म्हणून पोरगी अशी लवकर आली का. माझ्यामुळं झालं का सगळं. तुमी व्हय म्हणालासा. दोनदा. वर मान बी हलवलीसा.’’

संकेश्वरच्या खोलीत ती इतके दिवस माझं ते ‘व्हय’ घेऊन झोपत होती. रोज दूध काढून पाठवत होती. मी आपला रेंजला शिव्या देत होतो.

मी हातानं खूण केली, थांब. ती उभी होती तिथं काचेवर खिडकीचा कवडसा पडला होता, तोंड नीट दिसत नव्हतं. बोटानं दाखवलं, इकडं सरक, उजेडात. ती सरकली. मी ओठांनी म्हणालो, ‘‘आता इचार. परत इचार.’’

तिनं डोळे पुसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी तो शेवटपर्यंत बघितला. मान अजिबात हलवली नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘‘न्हाय.’’

मोठ्यानंच म्हणालो असणार, कारण आत पेटीपाशी सुवर्णा सिस्टरनं वळून बघितलं.